उन्हाळ्या-पावसाळ्यातही इंजिनात बर्फ!

२५ जुलै २०२२. बारामतीचं प्रशिक्षणाचं सेसना १५२ विमान इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात कोसळलं. इंजिनाची शक्ती गेल्याचं सुरुवातीच्या माहितीत आलं. एकटीच उडवणारी शिकाऊ वैमानिक बचावली, हे फार मोठं. त्या अपघाताचं कारण मी इथे ठरवत नाही, पण या निमित्ताने कार्ब्युरेटरमधल्या, म्हणजे इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागातल्या, बर्फाबद्दल सांगायलाच हवं.

आपल्याकडे पावसाळ्यात भिंतीसुद्धा ओल्या लागतात; अशीच दमट हवा कार्ब्युरेटरसाठी घातक. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात हवेचा दाब घटतो, पेट्रोलची वाफ होते आणि तापमान वीसेक अंशांनी, कधी त्याहूनही जास्त उतरतं. म्हणजे बाहेर २५ अंश असले तरी आत बर्फ धरू शकतो. उतरताना इंजिनाची शक्ती ठरवणारा थ्रॉटल जवळजवळ बंद, त्यामुळे धोका सर्वाधिक. शिवाय शक्ती कमीच असल्याने बिघाड लक्षात येत नाही. धावपट्टीआधी थ्रॉटल पुढे ढकलावा, तर इंजिन साथच देत नाही.

उपाय म्हणजे थ्रॉटल कमी करण्याआधीच कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी 'कार्ब हीट'ची कळ पूर्ण ओढायची. साचलेला बर्फ वितळताना इंजिन खोकतं, फेरे आणखी घटतात. घाबरून कळ परत आत ढकलू नये. मला यातली हीच गोष्ट सर्वात महत्त्वाची वाटते.