लाल मांस, कर्करोग आणि टक्क्यांचा हिशेब

महाराष्ट्रातील मांसाहाराच्या चर्चेत २०१५ हे वर्ष दोन कारणांनी लक्षात राहील. त्या वर्षी मार्चमध्ये पशुसंरक्षण कायद्यातील दुरुस्ती अमलात आली आणि १९७६ च्या मूळ कायद्याने गाईला दिलेले संरक्षण बैल व वळू यांनाही लागू झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फ्रान्समधील ल्यों येथून आपला निष्कर्ष जाहीर केला : प्रक्रिया केलेले मांस कर्करोगास कारणीभूत ठरते, आणि लाल मांस बहुधा ठरत असावे. या दोन घटनांचा परस्परांशी काडीचाही संबंध नव्हता. तथापि लोकांच्या मनात त्या एकत्र आल्या आणि त्यांची पुरती फारकत अजूनही झालेली नाही. दुसऱ्याच्या ताटातील मांस ज्यांना मुळातच खटकत होते, त्यांना विज्ञानाने आपली बाजू घेतली असे वाटले. आपल्या ताटावर घाला आला असे ज्यांना वाटत होते, त्यांनी विज्ञानालाही त्याच पंक्तीला बसवून धुडकावले. मूळ निष्कर्ष काय होता, हे पाहण्याचे कष्ट फार थोड्यांनी घेतले.

वसई-विरारसारख्या भागात हा घोळ विशेष महागात पडणारा आहे. १५३४ ते १७३९ अशी दोन शतकांहून अधिक काळ पोर्तुगीज अमलाखाली राहिलेली ही भूमी. येथे ख्रिस्ती घरांतील लग्नकार्यात नि सणासुदीला डुकराच्या मांसाचे इंद्याल वा सोरपोटेल असते, आगरी-कोळ्यांकडे पाहुण्याला मटण असते, मुसलमान मोहल्ले आहेत, वाडीतल्या भाजीवर समाधानी असणारी घरे आहेत आणि लोकलच्या वाटेने येऊन स्थिरावलेली शाकाहारी कुटुंबेही आहेत. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. इतक्या तऱ्हांच्या चुली एका आवारात पेटतात, तेव्हा आरोग्याचा सल्ला आणि शेजाऱ्याविषयीचा पूर्वग्रह यांतील सीमारेषा पुसट व्हायला वेळ लागत नाही.

म्हणून पहिली गोष्ट स्पष्ट झाली पाहिजे. कायद्याची रेषा एक आहे आणि शरीराची रेषा दुसरी. कायद्यातील बंदी गोवंशापुरती आहे. म्हशीचे मांस, बोकड, मेंढी, डुक्कर तिच्या बाहेर आहेत. शरीरशास्त्राच्या दृष्टीने मात्र ही सर्वच लाल मांसे होत. रविवारी बोकडाच्या मटणासाठी रांगेत उभा राहणारा गृहस्थ ‘हा प्रश्न त्या लोकांचा’ असे म्हणत असेल, तर ती त्याची निव्वळ गैरसमजूत आहे. कोंबडी आणि मासळी या वर्गात येत नाहीत.

निश्चिती आणि प्रमाण

दुसरी गोष्ट वर्गवारीची. प्रक्रिया केलेले, म्हणजे खारवून, धुरावून वा रसायने घालून टिकवलेले मांस या संस्थेने तंबाखूच्याच पहिल्या गटात ठेवले. त्यावरून ‘सॉसेज सिगारेटइतकेच घातक’ असे मथळे निघाले. परंतु हे गट पुराव्याच्या निश्चितीचे आहेत, धोक्याच्या आकाराचे नव्हेत. न्यायालयात खिसेकापू आणि दरोडेखोर या दोघांवरही गुन्हा शाबीत होतो. म्हणून दोघांचा अपराध सारखा ठरत नाही. त्या वेळी देण्यात आलेल्या अंदाजानुसार प्रक्रिया केलेल्या मांसाचा अधिक समावेश असलेल्या आहारामुळे जगात वर्षाला सुमारे ३४ हजार कर्करोग-मृत्यू होतात. तंबाखूमुळे होणारे कर्करोग-मृत्यू सुमारे दहा लाख. लाल मांसाचा समावेश तर ‘बहुधा कारक’ अशा दुसऱ्या गटात आहे. म्हणजे तेथे संशय सबळ आहे, परंतु गुन्हा अद्याप शाबीत झालेला नाही.

तिसरी गोष्ट टक्क्यांची, आणि तीच सर्वांत अधिक फसवी. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेले मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असे त्या निष्कर्षात म्हटले होते. पण १८ टक्के कशाचे? मिठाचा भाव वीस टक्क्यांनी वाढला तर संसार कोलमडत नाही. घरभाडे तेवढेच वाढले तर कोलमडतो. ब्रिटनमध्ये पावणेपाच लाख लोकांची पाहणी करून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने याचे उत्तर दिले. रोज सरासरी २१ ग्रॅम लाल व प्रक्रिया केलेले मांस खाणाऱ्या दहा हजारांत, पाहणीच्या पाच-सहा वर्षांत, हा रोग ४० जणांना झाला. रोज ७६ ग्रॅम खाणाऱ्या दहा हजारांत ४८ जणांना. हीच वाढ वीस टक्के म्हणूनही सांगता येते आणि दहा हजारांत आठ म्हणूनही. दोन्ही विधाने खरी आहेत. पहिल्याने धडकी भरते, दुसऱ्याने विचार करता येतो. अर्थात आठ माणसे म्हणजे आठ घरे, हे विसरून चालणार नाही. आणि लहान धोकाही कोट्यवधींत पसरला की त्याची बेरीज लहान राहत नाही.

मांसाने हे का घडावे, याचीही सुसंगत कारणे शास्त्रज्ञ देतात. मांसाला लाल रंग देणाऱ्या द्रव्यातील लोह आतड्यात काही घातक संयुगे बनण्यास साहाय्य करते. मांस टिकवण्यासाठी वापरलेल्या नायट्राइटमुळे तशाच संयुगांत भर पडते. आणि प्रखर आचेवर वा निखाऱ्यावर भाजताना आणखी काही द्रव्ये तयार होतात. उलट बाजूही नोंदवली पाहिजे. २०१९ मध्येच संशोधकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने पुरावा दुबळा असल्याचे सांगून लोकांनी आहार बदलण्याची गरज नाही असे मत दिले आणि त्यावर मोठे वादंग माजले. बहुतेक पुरावा निरीक्षणातून आलेला आहे, आणि तोही मुख्यतः ज्या देशांत रोज मांस खाल्ले जाते तेथून.

एकाच जिल्ह्यातील दोन ताटे

भारतातील चित्र वेगळे आहे. २०२२ च्या अंदाजानुसार देशात मोठे आतडे व गुदाशय यांच्या कर्करोगाचे सुमारे ७० हजार नवे रुग्ण आढळले. ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४४ हजार. तोंडाच्या कर्करोगामागे मुख्यतः तंबाखू आणि सुपारी आहेत. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. पण तंबाखूची चिमूट आणि मिश्रीचे बोट शाकाहारी-मांसाहारी असा भेद मानत नाही. ताट सोवळे ठेवून गालात तंबाखू धरणाऱ्याने शेजाऱ्याच्या मटणाची चिंता वाहावी, यापरता उफराटा हिशेब कोणता?

शिवाय याच पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाडा आहे. कुपोषणामुळे ज्या तालुक्यांची नावे वृत्तपत्रांत येत राहिली, तेथील आदिवासी मातेला मांस कमी खाण्याचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा होय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. मांसातील लोह शरीरात सहज शोषले जाते. ज्या ताटात ते महिन्याकाठी एकदा येते, तेथे त्याचा लाभ मोठा आणि धोका नगण्य आहे. इशारा आहे तो ज्या ताटात ते रोज येऊ लागले आहे त्यांच्यासाठी.

येथेच मुख्य मुद्दा येतो. मांस खावे की न खावे, हा वाद आपण पिढ्यान्‌पिढ्या घालत आलो. किती वेळा आणि कोणत्या रूपात खावे, हा प्रश्न मात्र विचारलाच नाही. विचारण्याची गरजही नव्हती, कारण धर्म आणि दारिद्र्य या दोघांनी मिळून त्याचे उत्तर ठरवून टाकले होते. हिंदू घरांत श्रावण आणि आठवड्यातले वार पाळले जात. ख्रिस्ती घरांत लेंटचे चाळीस दिवस आणि त्यातले शुक्रवार. उरलेल्या दिवसांत खिशाचा उपवास असे. मांस हा सणाचा आणि पाहुण्याचा पदार्थ होता. कोणी आरोग्यासाठी हे नियम केले नव्हते, पण त्यांनी बारंबारता आवरली होती.

तो आवर आता सुटत आहे. दुकानाच्या शीतपेटीत सलामी आणि सॉसेजची पाकिटे बारा महिने असतात. त्यांना सण लागत नाही की पाहुणा. २०२२-२३ च्या कुटुंब-खर्च पाहणीत शहरी कुटुंबांच्या एकूण खर्चापैकी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम पेये आणि तयार खाद्यपदार्थांवर गेल्याचे दिसले. या पाकिटांचा वाटा त्यात अद्याप लहान आहे. परंतु शाळेच्या डब्यात सोय म्हणून जे शिरते ते सवय होऊन राहते. परंपरेचा दाखला देऊन सुटकाही नाही. मिठात घालून टिकवलेला घरगुती चोरिस आजीच्या हातचा असला तरी तो प्रक्रिया केलेलेच मांस आहे. फरक एवढाच, की आजीच्या घरी तो बेताने पुरवला जाई.

जागतिक कर्करोग संशोधन निधीचा सल्ला असा : लाल मांस शिजवलेल्या वजनाने आठवड्यास ३५० ते ५०० ग्रॅमपर्यंत, प्रक्रिया केलेले मांस शक्य तितके थोडे, आणि तंतुमय अन्न भरपूर. या अखेरच्या बाबतीत वसईने कोणाकडून शिकावे? मुंबईला भाजी आणि केळी पुरवणारी ही भूमी. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचे आंदोलन उभे राहिले ते पाणी आणि जमीन वाचवण्यासाठी. त्या वाड्यांचा प्रश्न ताटाचाही आहे, हे आज अधिक ठळकपणे दिसते. वाडीच्या जागी इमारत उभी राहते आणि तिच्या तळमजल्यावरील दुकानात शीतपेटी येते, तेव्हा आहार दोन्ही बाजूंनी बदलतो.

आतड्याच्या कर्करोगाचा रुग्ण घरात असतो, तेव्हा त्याने काय खाल्ले याची कुजबूज नातलगांत सुरू होते. एका माणसाचा रोग त्याच्या जेवणामुळेच झाला, असे कोणताही शास्त्रज्ञ सांगू शकत नाही. आकडे समुदायाचे असतात, व्यक्तीच्या माथी मारण्याचे नसतात. मात्र त्याच आकड्यांवरून निरोगी माणसाला पुढच्या आठवड्याचा बाजार ठरवता येतो. ताट कोणाचे, हा वाद बाजूला ठेवून वारांचा हिशेब मांडला, तर विज्ञानाने जे सांगितले त्याचा उपयोग वसईतल्या प्रत्येक चुलीला होईल.