निसरड्या दगडावरची नक्षी

"मायक्रोस्कोप घ्यायचाय, किती पॉवरचा घेऊ?" माझा हा नाद ठाऊक असलेली माणसं हटकून हा प्रश्न विचारतात. कुणाला मुलाच्या वाढदिवसाला द्यायचा असतो, कुणाला निवृत्तीनंतर काहीतरी नवं करायचं असतं, कुणाला शाळेत पाहिलेली कांद्याची पेशी पुन्हा एकदा पाहावीशी वाटत असते. खोक्यावर ठळक छापलेला '२००० पट' हा आकडा सगळ्यांनाच भुरळ घालतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. चारशे पटीचा साधा विद्यार्थी-मायक्रोस्कोप घ्या, अंबाल्याला बनलेला असला तरी उत्तम, आणि उरलेल्या पैशांत चांगल्या स्लाइड्स, कव्हरस्लिप्स, दोन सुया, एक ड्रॉपर आणि कोरी ब्लेडं आणा. भिंगाखाली काय दिसणार, हे निम्म्याहून अधिक भिंगाखाली ठेवण्याआधीच ठरलेलं असतं. नमुना नीट तयार केला असेल, तर साध्या भिंगातूनही डोळ्यांचं पारणं फिटतं. तो जाडाभरडा, गढूळ असेल, तर लाखाचं यंत्रसुद्धा काही दाखवू शकत नाही.

इतिहासातही हेच दिसतं. रॉबर्ट हूकनं १६६५ साली 'मायक्रोग्राफिया' प्रसिद्ध केलं आणि बुचातल्या कप्प्यांना 'सेल' हे नाव दिलं, एवढं आपण शाळेत शिकतो. पण त्यानं आधी चाकूला वस्तऱ्यासारखी धार लावून बुचाचा पातळ काप काढला होता आणि पांढुरका काप उठून दिसावा म्हणून तो काळ्या पट्टीवर ठेवला होता, हे फारसं कुणी सांगत नाही. डेल्फ्टचा कापडव्यापारी अँटनी फान लेव्हेनहूक यानं इवल्याशा एकाच भिंगातून १६७०च्या दशकात पाण्यातले सूक्ष्मजीव पाहिले. पुढे १८३९ साली लंडनमध्ये सूक्ष्मदर्शकवाल्यांची संस्था निघाली, १८६५ साली खास हौशी मंडळींसाठी क्वेकेट मायक्रोस्कोपिकल क्लब निघाला, १८७३ साली जर्मनीत येना इथं अर्न्स्ट आबे यानं भिंगाच्या ताकदीची मर्यादा गणितानं दाखवून दिली, आणि २०१४ साली स्टॅनफर्डमध्ये मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागदाच्या घड्यांचा 'फोल्डस्कोप' जगापुढे आणला. इतकी पार्श्वभूमी पुरे.

लेव्हेनहूकपाशी मात्र क्षणभर थांबायला हवं. लायडनच्या बूरहावे संग्रहालयात त्याचा मायक्रोस्कोप मी पाहिला आहे. पितळेच्या बोटभर पट्ट्या, मध्ये जेमतेम दिसणारं भिंग आणि नमुना टोचून ठेवायला एक टोकदार सुई. त्या भिंगाइतकीच मला त्याच्या हाताची कमाल वाटते. १६७४ साली त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठवलेल्या पत्राला छोट्या पुड्या चिकटवल्या होत्या. त्यांत त्यानं वस्तऱ्यानं कापलेले बुचाचे आणि झाडाच्या गाभ्याचे काप होते. त्या पुड्या तीनशे वर्षं दप्तरात पडून होत्या. १९८१ साली ब्रायन फोर्ड या अभ्यासकानं त्या उघडल्या, तेव्हा आतले काप इतके पातळ आणि सफाईदार निघाले की आजच्या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यानंही अभिमानानं दाखवावेत. लेव्हेनहूक हा भिंगाचा राजा होता, तसाच तो वस्तऱ्याचाही होता.

तसा काप काढायला आम्हाला कॉलेजात सर शिकवायचे. सूर्यफुलाचं कोवळं खोड गाजराच्या फोडीत चीर पाडून धरायचं, ब्लेड पाण्यात बुडवायचं आणि ते करवतीसारखं मागेपुढे न करता एकाच ओढीत आपल्याकडे आणायचं. काप पाण्याच्या वाटीत सोडत जायचे आणि त्यांतला जवळजवळ अदृश्य असेल तो ब्रशनं उचलायचा. "गोल पूर्ण आला नाही तरी चालेल, पातळ हवा," असं सरांचं सांगणं असे. मग सॅफ्रॅनिनचा थेंब, दोन-तीन मिनिटांनी पाण्यानं धुणं आणि वर ग्लिसरीन. खोडातल्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या लालभडक होतात, कारण त्यांच्या भिंतींतलं लिग्निन हा रंग धरून ठेवतं. बाकीच्या पेशी फिकट राहतात. न रंगवलेल्या कापात जे पाहून पाहून डोळे दुखतात, ते रंगवलेल्या कापात पहिल्या नजरेत दिसतं.

कव्हरस्लिप टाकण्याचीही एक रीत आहे. तिची एक कड थेंबाला टेकवायची, दुसरी कड सुईवर तोलायची आणि सुई हळूहळू खाली न्यायची. पाणी पुढे सरकत जातं आणि हवा बाहेर पडते. थेट वरून टाकली, की बुडबुडे अडकलेच. काळ्या जाड कडेचे ते बुडबुडे पाहून नवशिक्यांना आपल्याला नवा जीव सापडला असं वाटतं. कव्हरस्लिपची जाडीही महत्त्वाची. आपल्या ऑब्जेक्टिव्हवर, म्हणजे नमुन्याजवळच्या भिंगावर, बारीक अक्षरांत ०.१७ असं कोरलेलं असतं. म्हणजे ते भिंग ०.१७ मिलिमीटर जाडीच्या काचेतून पाहण्यासाठी घडवलं आहे. चाळीस पटीच्या ऑब्जेक्टिव्हखाली फार जाड काच वापरली, तर चित्रावर धुकं चढतं.

आता माझ्या खऱ्या आवडीकडे येतो. ओढ्यात उतरताना पाय सटकतो, तो ज्या तपकिरी बुळबुळीत थरामुळे, त्या थरात बहुधा डायटम असतात. एकपेशीय शैवालाचा हा प्रकार. बहुतेकांचा आकार मिलिमीटरच्या काही शतांश भागांत मोजावा लागतो. त्यांची पेशीभित्ती सिलिकाची, म्हणजे काचेच्याच जातीच्या पदार्थाची असते. तिचे दोन भाग असतात आणि ते कुंकवाच्या करंड्याच्या झाकणासारखे एकमेकांत बसतात. त्या भिंतींवर छिद्रांच्या रांगा, रेषा, कंगोरे असतात आणि प्रत्येक जातीची नक्षी वेगळी. होडीच्या आकाराचे, सुईसारखे, गोल, त्रिकोणी, इंग्रजी एस अक्षरासारखे वळलेले असे कितीतरी प्रकार. पृथ्वीवर दरवर्षी तयार होणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे पाचवा हिस्सा या जिवांकडून येतो.

जिवंत डायटम पाहण्याची मजा वेगळी. सोनेरी-तपकिरी रंगाची होडी वल्ह्याशिवाय सरकते, थांबते, उलटी जाते. पण नक्षी पाहायची तर आतला जीवद्रव्याचा मालमसाला काढून नुसती काच उरवावी लागते. ही साफसफाई मला सर्वांत प्रिय आहे, म्हणून ती सविस्तर सांगतो.

पाण्याखालचा हाताएवढा दगड उचलावा आणि जुन्या टूथब्रशनं घासून तपकिरी पाणी बाटलीत घ्यावं. घरी आल्यावर ते चहाच्या गाळणीतून गाळावं, म्हणजे पानं, काड्या, खडे वर राहतात. दख्खनच्या पाण्यात चुना असतो, त्यामुळे सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकून फसफस थांबेपर्यंत वाट पाहावी आणि दोन-तीनदा धुऊन घ्यावं. मग औषधाच्या दुकानात मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड घालून काचेचं भांडं गरम पाण्यात ठेवावं. दुकानातलं सौम्य असल्यानं काम सावकाश होतं. काही दिवस जातात, पुन्हा पुन्हा घालावं लागतं. तीव्र पेरॉक्साइडनं ते तासाभरात होतं, पण ते कातडी भाजतं, म्हणून हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी यांशिवाय त्याला हात लावू नये. आम्ल आणि ब्लीच कधीही एकत्र आणू नये, त्यातून विषारी क्लोरीन निघतो. तपकिरी रंग जाऊन तळाशी राखाडी-पांढरा गाळ उरला, की सेंद्रिय भाग जळून गेला असं समजावं.

पुढचं काम धीराचं. भांडं रात्रभर स्थिर ठेवायचं, सकाळी वरचं पाणी गाळ न हलवता नितारून घ्यायचं आणि नवं पाणी घालायचं. असं सहा-सात वेळा. शेवटच्या धुण्यांना डिस्टिल्ड पाणीच हवं. गॅरेजात मिळणारं बॅटरीचं पाणी चालतं. नळाचं पाणी वापरलं, तर थेंब सुकल्यावर क्षारांचे स्फटिक उरतात आणि नक्षीवर पसरतात. आता या पांढुरक्या पाण्याचा एक थेंब कव्हरस्लिपवर ठेवायचा. स्लाइडवर ठेवायचा नाही, कारण डायटम भिंगाच्या जितके जवळ तितके स्पष्ट. वर एक वाटी पालथी घालून तो हलवाहलव न करता सुकू द्यायचा. नीट सुकला, तर काचेवर धुरकट, एकसारखा पांढरा डाग दिसतो.

आणि इथं मुख्य गंमत आहे. हेच डायटम ग्लिसरीनमध्ये बसवले, तर ते जवळजवळ नाहीसे होतात! पारदर्शक वस्तू दिसते ती भोवतालच्या माध्यमापेक्षा तिचा अपवर्तनांक वेगळा असतो म्हणून. डायटमच्या सिलिकाचा अपवर्तनांक १.४३च्या आसपास, ग्लिसरीनचा १.४७. फरक इतका थोडा की प्रकाशाला वळायला कारणच उरत नाही. आपल्या प्रयोगशाळांत सर्रास वापरलं जाणारं डीपीएक्स आणि जुनं कॅनडा बाल्सम १.५२च्या जवळपास, म्हणजे बरं, पण फार नाही. म्हणून डायटमवाले नॅफ्रॅक्स नावाचं खास राळेसारखं द्रव्य वापरतात. त्याचा अपवर्तनांक १.६५च्या वर असतो. ते महाग आहे. घरच्या घरी करायचं तर डायटम हवेतच ठेवावेत. कव्हरस्लिप पालथी घालून कडा नेलपॉलिशनं बंद कराव्यात. हवेचा अपवर्तनांक १, म्हणजे फरक भरपूर, आणि खर्च काहीच नाही.

अशा स्लाइडनं भिंगाची परीक्षाही घेता येते. एकोणिसाव्या शतकात युरोपातले हौशी लोक नवं भिंग घेताना सोबत डायटमची स्लाइड नेत. प्ल्यूरोसिग्मा अँग्युलेटम या एस आकाराच्या डायटमवरच्या रेषांमधलं अंतर साधारण अर्धा मायक्रॉन. चांगलं चाळीस पटीचं ऑब्जेक्टिव्ह त्या रेषा सोडवून ठिपके दाखवतं. अँफिप्ल्यूरा पेल्युसिडावर ते अंतर पाव मायक्रॉनच्या आसपास येतं, तिथं तेलात बुडवायचं शंभर पटीचं भिंगही घाम गाळतं. आबेनं सांगितलेली मर्यादा हीच. प्रकाशाच्या लहरीच्या साधारण निम्म्याहून जवळ असलेल्या दोन रेषा नेहमीच्या भिंगाला वेगळ्या दाखवता येत नाहीत, मग पट कितीही वाढवा. २००० पटीचा आकडा फसवा का, ते इथं कळतं. उलट, कंडेन्सरखाली, म्हणजे स्लाइडवर प्रकाश एकवटणाऱ्या खालच्या भिंगाखाली, काळ्या कागदाचा तुकडा सरकवून प्रकाश एका बाजूनं तिरका आणला, तर आधी न दिसलेल्या रेषा उमटतात. फुकटातली ही युक्ती मी प्रत्येक पाहुण्याला दाखवतो.

या काचेच्या घरांना एक अडचणही आहे. पेशी दुभंगते तेव्हा प्रत्येक पिल्लाला आईच्या करंड्याचा एकच भाग मिळतो आणि दुसरा त्याला आत बसणारा नवा घडवावा लागतो. ज्याच्या वाट्याला आतला लहान भाग येतो, ते पिल्लू आईपेक्षा लहान होतं. बहुतेक जातींत पिढ्यान्‌पिढ्या सरासरी आकार घटत जातो. शेवटी लैंगिक प्रजननातून एक फुगीर पेशी तयार होते आणि आकार पुन्हा मूळ पदावर येतो. म्हणून एकाच ओढ्यातल्या एकाच जातीचे थोरले आणि धाकटे एका स्लाइडवर भेटतात.

जर्मनीतल्या वेडेल गावच्या योहान डीडरिख म्यॉलरनं एकेक डायटम निवडून चार हजारांहून अधिक डायटम एकाच स्लाइडवर रांगेनं मांडले होते. आपल्या काळात इंग्लंडच्या क्लाउस केम्पनं ही कला जिवंत ठेवली. २०१४ साली त्याच्यावर 'द डायटमिस्ट' हा छोटा माहितीपट निघाला. डार्विनही या नक्षीनं थक्क झाला होता. हे सौंदर्य मायक्रोस्कोपमधून पाहून कौतुक करण्यासाठी निर्माण झालं का, असा प्रश्न त्यानं 'ओरिजिन'च्या पुढच्या आवृत्तीत उपस्थित केला. आल्फ्रेड नोबेलनं १८६७ साली नायट्रोग्लिसरीन डायटमच्या मातीत मुरवून डायनामाइट केलं. आजही चाड देशातल्या आटलेल्या प्राचीन सरोवराची डायटममिश्रित धूळ अटलांटिक ओलांडून ॲमेझॉनच्या जंगलावर पडते. न्यायवैद्यकातही डायटमचा उपयोग होतो. जिवंत माणूस बुडाला, तर फुप्फुसात गेलेल्या पाण्यातले डायटम धडधडत्या हृदयाच्या रक्तप्रवाहातून अस्थिमज्जेपर्यंत पोचू शकतात. बुडून मृत्यू झाला का, हे ठरवताना तो एक पूरक पुरावा मानला जातो.

या विषयात महाराष्ट्राचं नाव मोठं आहे आणि ते फार थोड्यांना माहीत आहे. १९५०च्या दशकात ई. ए. गोन्साल्विस आणि एच. पी. गांधी यांनी मुंबई आणि साष्टीतल्या डायटमवर 'जर्नल ऑफ द इंडियन बोटॅनिकल सोसायटी'त लेखमाला लिहिली. पुढे गांधींनी कोल्हापूर परिसर, जोगचा धबधबा अशा पश्चिम घाटातल्या कितीतरी जागा पालथ्या घातल्या आणि अनेक नव्या जातींची वर्णनं केली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतले अभ्यासक आज त्यांच्या त्या जाती इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली नव्यानं तपासत आहेत. राधानगरीजवळ भोगावतीच्या काठी दगड घासताना मला गांधींची आठवण येते. ज्या पाण्याकडे आपण फक्त शेतीचं आणि पिण्याचं म्हणून पाहतो, ते त्यांनी जातीनिशी वाचलं.

म्हणूनच शाळांकडे माझं एक मागणं आहे. तयार स्लाइड्सचे खोके कपाटात असू द्यावेत, पण मुलांनी वर्षातून निदान एक स्लाइड स्वतः करावी. दगड स्वतः निवडावा, पाणी स्वतः नितारावं, थेंब स्वतः सुकवावा. पाऊस सरून ओढे निवळलेले असतात, त्यामुळे दिवाळीची सुट्टी यासाठी उत्तम. आणि स्लाइडच्या डाव्या बाजूला कागदाचा चौकोन चिकटवून त्यावर तीन गोष्टी लिहायलाच हव्यात: जागा, तारीख आणि नमुना कशावरून घेतला ते. गांधींच्या नोंदी आज उपयोगी पडतात, कारण कुठला डायटम कुठल्या पाण्यातला हे त्यांनी लिहून ठेवलं. डायटमच्या जाती पाण्याच्या प्रदूषणानुसार बदलतात. आजच्या ओढ्याची नीट लेबल लावलेली स्लाइड वीस वर्षांनी पुन्हा तिथंच घासलेल्या दगडाशी ताडून पाहता येते. हौशी माणसाच्या कामाला विज्ञानात किंमत मिळते ती अशा नोंदीमुळे, आणि ती नोंद करायला पेन्सिल पुरते.