गोळ्या संपतात तेव्हा

(शेतकऱ्याचं आरोग्य : लेखांक 6)

मागच्या आठवड्यात आपण फवारणीच्या विषबाधेबद्दल वाचलं. तिथे त्रास काही तासांत जाणवतो, म्हणून माणूस दवाखाना गाठतो. रक्तदाबाचं तसं नाही. तो वर्षानुवर्षं वाढलेला असतो आणि माणूस मात्र डवरणी करतो, कापूस वेचतो, बाजारही करतो. मग एका सकाळी तोंड वाकडं होतं, हात उचलत नाही. ‘कालपर्यंत चांगला होता, अचानक लकवा मारला,’ असं घरचे सांगतात. पण नसांवरचा ताण कालचा नसतो.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात 15 वर्षांवरच्या साधारण दर चौघांत एकाचा रक्तदाब वाढलेला आहे किंवा त्यावर औषध चालू आहे. आणि औषध महाग नाही. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी.

नोव्हेंबर 2017 मध्ये केंद्र सरकार, आयसीएमआर आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू केला. महाराष्ट्रातून आधी भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे निवडले गेले. कल्पना अगदी साधी होती. अम्लोडिपाइन, टेल्मिसार्टन अशी मोजकी औषधं, डोस वाढवण्याच्या ठरलेल्या पायऱ्या, गोळ्या गावाजवळ, प्रत्येक रुग्णाची नोंद आणि जो आला नाही त्याला निरोप. 2022 मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. तोवर देशभरात 34 लाखांहून अधिक लोक सरकारी केंद्रांतून उपचार घेत होते आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांचा बीपी आटोक्यात होता. मला हे मोठं यश वाटतं. पण माझं लक्ष उरलेल्या निम्म्यांकडे जातं.

बुलढाण्यातल्या एखाद्या उपकेंद्रात सकाळी बसून पाहा. आशाताई तिशी ओलांडलेल्यांना बोलावून आणतात, समुदाय आरोग्य अधिकारी दंडाला पट्टा बांधतात. घाईघाईने सायकलवरून आलेल्याला आधी पाच मिनिटं पाठ टेकवून बसवतात, कारण धाप लागलेली असताना किंवा नुकताच तंबाखू खाल्लेला असताना आकडा चढा येतो. 140/90 च्या वर गेला, तर पुन्हा मोजतात. इथवर गाडी नीट चालते. नंतर मृग लागतो, सोयाबीनची पेरणी येते, तीस गोळ्या संपतात आणि उपकेंद्र उघडतं नेमकं त्याच वेळी माणूस शेतात असतो. ‘बीपी नॉर्मल आला होता, म्हणून सोडली,’ हे उत्तरही नेहमीचंच. नॉर्मल आला तो गोळीमुळे आला, हे आपण त्याला पुरेसं सांगितलेलंच नसतं.

घाटाखालच्या वाचकांना एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा हा खारपाणपट्टा. तिथलं बोअरचं पाणी खारट आहे, आणि गावागावांत किडनीच्या आजाराची धास्ती आहे. वाढलेला बीपी किडनी खराब करतो, खराब किडनी बीपी आणखी वाढवते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, म्हणजे चमचाभरही नाही. ठेचा, लोणचं, पापड यांत ते कधी संपून जातं, कळतही नाही. त्यात कंबर दुखली की दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी. अशा बऱ्याच गोळ्या रोज घेतल्या, तर बीपीही वाढतो आणि किडनीवरही भार येतो. या पट्ट्यात बीपी मोजताना ‘दुखण्याची गोळी घेता का?’ हा प्रश्न प्रत्येकाला विचारलाच पाहिजे.

माझं आरोग्य खात्याकडे एकच मागणं आहे. ‘किती जणांचा बीपी मोजला’ या आकड्यावर समाधान मानू नका. दुसऱ्या महिन्यात किती जण परत आले, ते मोजा. पेरणी आणि सोंगणीच्या दिवसांत साठ गोळ्या एकदम द्या. आठवडी बाजाराच्या गावी बाजाराच्या दिवशी टेबल मांडा, कारण त्या दिवशी शेतकरी आपणहून येतो.

आणि वाचकांना एवढंच सांगतो : घरात कुणाची बीपीची गोळी चालू असेल, तर आज पाकीट हातात घेऊन किती गोळ्या उरल्यात ते मोजा. आठवड्यापेक्षा कमी असतील, तर उद्याच उपकेंद्रात जा.