कंठांतील नळी आणि परिचारिका

सेवाग्रामच्या आश्रमांत कुष्ठरोगी परचुरेशास्त्री यांची शुश्रूषा गांधीजी स्वतःच्या हातांनीं करीत असत. त्याच गांवीं कस्तुरबा रुग्णालय असून १९६९ सालीं डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकारानें त्याला जोडून वैद्यकीय महाविद्यालय निघालें. शुश्रूषेचीं साधनें पालटलीं; तिची गरज मात्र पालटली नाहीं.

वर्धा जिल्हा कापसाचा. फवारणीचें कीटकनाशक पोटांत गेलें किंवा मण्यार चावली, तर श्वासाचे स्नायू लुळे पडतात व रोग्यास अतिदक्षता विभागांत श्वासयंत्रावर ठेवावें लागतें. हें पुष्कळ दिवस चालणार असें दिसलें म्हणजे कंठाच्या पुढील बाजूस छिद्र पाडून श्वासनलिकेंत आंखूड नळी बसवितात. हीच ट्रेकिऑस्टॉमी. १९५२ सालीं कोपनहेगनला पोलिओची सांथ आली असतां ब्यॉर्न इब्सेन यांनीं अशाच नळ्यांतून, विद्यार्थ्यांकडून रबरी पिशव्या हातानें दाबवून, रोग्यांचा श्वास चालूं ठेवला.

नळीमुळें रोग्याच्या दोन गोष्टी हिरावल्या जातात. हवा उबदार, ओलसर व स्वच्छ करण्याचें नाकाचें काम थांबतें. कफ घट्ट होऊन नळी बुजूं शकते. शिवाय हवा स्वरतंतूंच्या खालूनच ये-जा करते. म्हणून गुदमरणारा रोगी हांकही मारूं शकत नाहीं. त्याचें नाक आणि त्याची वाणी, दोन्ही परिचारिकेला व्हावें लागतें.

ती हवेंत ओलावा राखते. कफ ओढते, तो घड्याळ पाहून नव्हे, तर घरघर ऐकून. आधीं ज्यादा प्राणवायु देऊन एक खेप १० ते १५ सेकंदांत आटोपते, कारण कफाबरोबर श्वासही ओढला जात असतो. नळीभोंवतींच्या फुग्याचा दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका ठेवते. अधिक झाल्यास श्वासनलिकेच्या अस्तरास इजा होते, कमी झाल्यास लाळ फुप्फुसांत उतरते. आंतली नळी धुणें, जखम व तोंड स्वच्छ करणें, बंदाखालीं बोट शिरेल इतकी जागा राखणें, हीं नित्याचीं कामें. उशाशीं त्याच मापाची एक व त्याहून लहान एक नळी तयार असते. पहिल्या आठवड्यांत नळी निसटल्यास ती जबरीनें आंत लोटूं नये. भलत्या जागीं शिरते. प्राणवायु देत तत्काळ डॉक्टरांस बोलवावें.

भेटीस येणाऱ्या आप्तांनींही पाटी व खडू जवळ ठेवावा आणि मानेनें उत्तर देतां येईल असेच प्रश्न विचारावे. रोगी मुका झालेला नसतो. त्याचा आवाज कांहीं काळ थांबलेला असतो.