फ्लश ओढल्यावर पुढे काय?

विषय वाचून नाक मुरडू नका. सकाळी साडेसातला बादली घेऊन रांगेत उभे असताना आपल्या सगळ्यांच्या डोक्यात दुसरं काय असतं?

गेल्या जूनमध्ये आमच्या होस्टेलची सेप्टिक टाकी तुंबली. मेसच्या मागे काळं पाणी आलं, जेवण घशाखाली उतरेना. टाकी उपसायला दोन माणसं आली. झाकण काढलं आणि त्यातला एकजण शर्ट काढून सरळ आत उतरायला निघाला. आम्ही गॅलरीतून बघत होतो. मी सिव्हिलचा. टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो आणि दोन श्वासांत माणूस आडवा होऊ शकतो, हे पेपरात लिहून मार्क मिळवलेला. तरी तोंडातून शब्द फुटला नाही. मेसचे मामा ओरडले म्हणून तो थांबला. साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, हे मला नंतर कळलं.

मग वाचायला लागलो.

सेप्टिक टाकीत मैला 'जिरतो' ही आपली समजूत. प्रत्यक्षात गाळ तळाला बसतो, हवेशिवाय जगणारे जिवाणू त्यातला काही भाग कुजवतात आणि वरचं पाणी जंतूंसकट शोषखड्ड्यात जातं. खाली अखंड काळा कातळ असेल तर ते मुरत नाही. कातळाला भेगा असतील तर विहीर गाठतं. उरलेला गाळ काही वर्षांनी उपसावाच लागतो. गटार असेल तर सगळं शुद्धीकरण केंद्राकडे जातं, अर्थात केंद्र असलं आणि चालू असलं तर! आणि पाण्याचा हिशोब बघा: २०० मुलं, दिवसाला चार फ्लश, दहा लिटरची टाकी. झाले ८,००० लिटर. माणशी थोडासा मैला वाहून न्यायला! उन्हाळ्यात आपण टँकर मागवतो तो यासाठी.

कंपोस्ट संडासात पाणी ओतायचंच नाही. प्रत्येक वेळी वरून मूठ-दोन मुठी लाकडाचा भुसा, सुका पाला किंवा राख टाकायची. कारण साधं आहे. खत नीट व्हायला कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण साधारण २५ ते ३० ला १ लागतं. मैल्यात ते ८ च्या आसपासच असतं. भुसा कार्बन पुरवतो, ओल शोषतो आणि ढिगात हवा खेळती ठेवतो. हवा असली की वास मारणारे जिवाणू मागे पडतात. लघवी वेगळ्या नळीने काढली तर काम आणखी सोपं, कारण बहुतेक नायट्रोजन तिच्यातच असतो. कप्पे दोन. एक भरला की बंद करून दुसरा वापरायचा. बंद कप्पा वर्षभर तरी उघडायचा नाही, कारण जंतांची अंडी फार चिवट. ढीग ५५ अंशांवर तापला तर ती लवकर मरतात, पण संडासातला ढीग सहसा तितका तापत नाही.

हे काही परदेशी फॅड नव्हे. कोकणात कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचं खत करण्याचे प्रयोग केले. लडाखला मी स्वतः असा संडास वापरला. वरच्या खोलीत जमिनीला भोक, कोपऱ्यात मातीचा ढीग आणि फावडं. खालच्या खोलीतलं खत शेतात जातं. वास? आमच्या दुसऱ्या मजल्यापेक्षा नक्कीच कमी!

अडचणी आहेतच. आपण पाणी वापरणारी माणसं, तेव्हा धुण्याचं पाणी वेगळ्या नळीने बागेत सोडावं लागेल. भुसा टाकायला कोणी विसरला की माश्या झाल्याच. आणि कप्पा कोण उपसणार? वर्षभर मुरलेलं खत फावड्याने बाहेरून काढायचं असतं, टाकीत उतरावं लागत नाही. तरी ते काम पुन्हा त्याच दोघांच्या गळ्यात पडू नये. आम्ही आळीपाळीने करू.

वर्कशॉपच्या मागे दोन संडासांचा आराखडा मी रेक्टर सरांना दिलाय. सुतारकामाचा भुसा पोत्यांनी पडलेला असतोच. सरांनी शांतपणे सगळं वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "पहिला कोण बसणार?"

यादीत माझं नाव एक नंबरला आहे. दोन नंबर मोकळा आहे, रूम २१४ ला येऊन सांगा.