आढ्याला टांगलेली ग्रहमाला

१९६२ सालच्या फेब्रुवारीत आमच्या वाड्यात कुणाचेच कशात लक्ष नव्हते. मकर राशीत आठ ग्रह एकत्र येणार, त्या अष्टग्रहीने जगबुडी होणार, अशी आवई उठली होती. आजीने देव पाण्यात ठेवले. काकांची परीक्षा तोंडावर आलेली. पण ‘आता अभ्यास तरी कशाला?’ म्हणून त्यांनी पुस्तके बांधून माळ्यावर टाकली. मी नऊ वर्षांचा. रात्री आईचा पदर घट्ट धरून निजत असे. ३ ते ५ फेब्रुवारी हे दिवस आले आणि गेले. पृथ्वी शाबूत राहिली; काका मात्र नापास झाले!

पुष्कळ वर्षांनी मुलीकडे नेदरलंड्सला गेलो, तेव्हा फ्रानेकर नावाच्या लहानशा गावी एक घर पाहिले आणि ते दिवस आठवले. तिथेही १७७४ च्या मे महिन्यात अशीच घबराट उडाली होती. चंद्र, बुध, शुक्र, मंगळ आणि गुरू आकाशात जवळजवळ दिसणार होते. ते एकमेकांवर आदळतील, पृथ्वी वाट सोडून सूर्यात जाऊन पडेल, असे लोकांना वाटू लागले.

या गावात आयसे आयसिंगा नावाचा तिशीचा गृहस्थ होता. धंदा लोकर विंचरण्याचा, नाद गणिताचा. लोकांशी वाद घालण्यापेक्षा त्यांना ग्रहांची चाल डोळ्यांनी दाखवावी, असे त्याने ठरवले. त्याच वर्षी त्याने राहत्या खोलीच्या आढ्यालाच ग्रहमाला बसवायला घेतली. काम सात वर्षे चालले!

माळ्यावर लाकडी चक्रे आहेत. त्यांना दात म्हणून हाताने घडवलेले हजारो लोखंडी खिळे ठोकले आहेत. वजनांवर चालणारे लंबकाचे एकच घड्याळ हा सारा पसारा फिरवते. खाली आढ्यातल्या गोल खाचांमधून ग्रह लोंबतात. प्रमाण सोपे आहे : दहा लाख किलोमीटरला एक मिलिमीटर. म्हणजे सूर्यापासून पृथ्वी १५ सेंटिमीटरवर, गुरू ७८ वर आणि शनी जवळजवळ दीड मीटरवर.

मी कितीतरी वेळ मान वर करून उभा होतो. काही हलेल तर शपथ! कारण इथले ग्रह खऱ्या ग्रहांच्याच वेळेने चालतात. बुधाची फेरी ८८ दिवसांची, शनीची २९ वर्षांहून अधिक. तो दिवसाला एक मिलिमीटरसुद्धा सरकत नाही. पण खालून पाहताना एक गोष्ट पटकन उमगते. एका दिशेला दिसणारे ग्रह एकमेकांपासून किती दूर असतात! रात्री लांबून गावाचे दिवे एकत्र दिसतात, म्हणून काही घरे एकमेकांवर आदळत नाहीत.

१७८१ साली काम पुरे झाले आणि त्याच साली हर्शेलने युरेनस शोधून काढला. त्याला आढ्यावर जागाच उरली नव्हती! तरी ही ग्रहमाला अजून चालू आहे. २०२३ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा म्हणून मान दिला.

गेल्या दिवाळीत आकाशकंदिलाच्या दोऱ्याने मी आणि नातवाने दिवाणखान्यात याच मापाने मणी टांगले. शनी थेट खिडकीपाशी गेला. नातू म्हणाला, “आजोबा, युरेनस?” मी मोजले : पावणेतीन मीटरच्याही पुढे.

“तो शेजारच्या काकूंच्या घरात,” मी म्हटले, “आणि त्यांना आधी सांगून ये, घाबरण्याचे कारण नाही म्हणून!”