पाहुणा संशोधक आणि वर्गातले गुरुजी

कृतिसंशोधन हा शब्द बहुतेक शिक्षकांच्या कानांवरून गेलेला असतो. आपल्या वर्गातली अडचण आपणच हेरायची, उपाय करून पाहायचा, काय घडले ते टिपायचे आणि मग पुढचे पाऊल टाकायचे. कुर्ट लेविन यांच्या १९४६ सालच्या निबंधामुळे हा शब्द रूढ झाला. पण या कामात बाहेरचा संशोधक सोबतीला आला, की शाळेत कुजबूज सुरू होते. हा गृहस्थ कोण? पाहुणा, सल्लागार, की वरून धाडलेला तपासनीस?

इंग्लंडात १९७२ ते १९७४ या काळात जॉन इलियट आणि क्लेम एडलमन यांनी सुमारे ४० शिक्षकांना घेऊन फोर्ड अध्यापन प्रकल्प चालवला. मुलांनी स्वतः शोधून शिकावे, हा हेतू. एकाच पाठाबद्दल शिक्षकाचे, मुलांचे आणि निरीक्षकाचे म्हणणे वेगवेगळे ऐकायचे, अशी त्यांची रीत होती. त्यातून एक बारीक गोष्ट उघडी पडली. शिक्षकाने “सगळ्यांना पटलं ना?” असे विचारले, की वेगळे मत असलेले मूल गप्प बसते. आपल्याकडचे “कळलं ना रे?” आणि त्यावरचा तो एकसुरी “हो गुरुजी!” आठवा, म्हणजे झाले.

आता पेच पाहा. मुलाने संशोधकाजवळ मन मोकळे केले. ते शिक्षकाला सांगावे, तर मुलाचा विश्वास जातो; न सांगावे, तर शिक्षकाला कळायचे कसे? तेथे तोड अशी काढली, की मुलांची परवानगी घेऊनच त्यांचे बोलणे शिक्षकाला ऐकवायचे. तोड चांगली, पण गुरुजींच्या धाकातले मूल “नको” म्हणायला धजेल का, ही शंका उरतेच.

दुसरा पेच शिक्षकच घालतात. “साहेब, काय चुकलं ते तुम्हीच सांगा.” सांगितले, तर संशोधन शिक्षकाचे राहत नाही. मौन धरले, तर हा मनातल्या मनात गुण देतो आहे असे वाटते. माझ्या मते संशोधकाने निकाल देऊ नये, पण पाहिलेले लपवूही नये. “प्रश्न विचारलात आणि मुलं बोलायच्या आत उत्तर तुम्हीच दिलंत,” एवढे सांगावे. ते योग्य की अयोग्य, हे शिक्षकाने ठरवावे.

आणि श्रेयाचे काय? निबंध छापला की संशोधकाचे नाव होते, शिक्षकाच्या वाट्याला जादा काम येते. म्हणून निबंधावर नावे कोणाची, वही कोणाजवळ राहील, ध्वनिमुद्रण कोण ऐकेल आणि मुख्याध्यापकांनी मागितले तर काय करायचे, हे पहिल्याच बैठकीत बोलून घ्यावे.